पॅनेल करायचं की केमो सुरू करायची?

पत्र

नमस्कार. आम्ही इंदूरचे, तीन पिढ्या रामबागेत. बाबा ७२ वर्षांचे, निवृत्त गणित शिक्षक. विडी-सिगारेटला आयुष्यात हात लावला नाही. दिवाळीपासूनचा खोकला हटेना म्हणून एक्स-रे केला, मग सीटी, मग बायप्सी. फुप्फुसाचा ॲडिनोकार्सिनोमा (कॅन्सरचा एक प्रकार) निघाला, चौथी स्टेज, मणक्यातही एक डाग आहे. रिपोर्टात लिहिलंय: टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, नॅप्सिन-ए पॉझिटिव्ह, पी-४० निगेटिव्ह, केआय-६७ ४० टक्के, पीडी-एल१ ६० टक्के. ईजीएफआर आणि एएलके या जनुकांचे रिपोर्ट यायचेत. डॉक्टर म्हणतात, ते आल्यावर ठरवू, फारच लांबलं तर कार्बोप्लॅटिन-पेमेट्रेक्सेड ही केमो सुरू करू.

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो. त्यानं ईआरसीसी१ नावाच्या प्रोटीनवरचा लेख पाठवलाय. ते पॉझिटिव्ह असेल तर प्लॅटिनमवाली केमो लागू पडत नाही म्हणे. त्यातच एका लॅबच्या माणसानं ‘केमो रेझिस्टन्स पॅनेल’ सुचवलं. ईआरसीसी१, आरआरएम१, टीयूबीबी३ अशी सात-आठ प्रोटीनं, ३८ हजार रुपये, आणि बायप्सीचा उरलेला तुकडा त्यांना द्यायचा. दादा म्हणतो करूनच टाकू. आईनं ‘प्रोटीन पॉझिटिव्ह’ एवढंच ऐकलं आणि बाबांचं वरण, दही, पनीर बंद केलं. आत्या म्हणतात थायरॉइडही तपासा, टीटीएफ म्हणजे थायरॉइडचं काहीतरी. मी काय करू? आणि एक विचारते. यातल्या एखाद्या प्रोटीनवरून बाबांकडे किती वेळ आहे ते कळतं का?

— एक मुलगी, इंदूर

उत्तर

ताई,

आईंना आधी सांगा, वरण आजपासून चालू. दही, पनीरही चालू, अंडं चालत असेल तर तेही. रिपोर्टातली प्रोटीनं कॅन्सरच्या पेशींच्या आत बसलेली असतात, ताटातल्या तुरीच्या डाळीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. उलट या आजारात वजन घटणं हीच वाईट खूण. केमो सोसायला अंगात स्नायू लागतात. किडनी ठीक असेल तर अशा रुग्णाच्या पोटात वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रोटीन जायला हवं. बाबा ६० किलोंचे असतील तर ६० ते ९० ग्रॅम. सकाळच्या पोहे-जिलबीनं मन भरेल, हा आकडा भरणार नाही.

आत्यांचं अर्धं बरोबर आहे. टीटीएफ-१ थायरॉइडच्या पेशींत असतं, तसंच ते फुप्फुसाच्या पेशींतही असतं. फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा, त्यात टीटीएफ-१ आणि सोबत नॅप्सिन-ए, एवढं जुळलं की गाठ मूळची फुप्फुसाचीच असं आम्ही धरतो. थायरॉइडच्या मागे लागू नका. शिवाय इथे ‘पॉझिटिव्ह’ शब्दानं दचकायचं काहीच कारण नाही. फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमात टीटीएफ-१ असलेल्या रुग्णांचं गटागटानं पाहिलं तर जरा बरंच चालतं, ते नसलेल्यांपेक्षा.

आता मुद्द्याकडे. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे रुग्ण समोर न बसता त्याचा तुकडा पाहणारा माणूस. म्हणून आधी तुकड्याबद्दल बोलतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

सुईनं काढलेली बायप्सी म्हणजे जेमतेम सेंटिमीटरभर लांब, मिलिमीटरभर जाड असा धागा, असे दोन-चार. ते फॉर्मॅलिनमध्ये भिजवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. तो ‘ब्लॉक’. त्याचे ३-४ मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर चढवतात. एकेका प्रोटीनसाठी एकेक काप. त्यावर त्या प्रोटीनला चिकटणारी अँटिबॉडी सोडायची, ती जिथे चिकटली तिथे तपकिरी रंग उमटतो, बाकीची केंद्रकं निळी राहतात. टीटीएफ-१ केंद्रकात भरतं, गडद तपकिरी ठिपके. नॅप्सिन-ए पेशीच्या पोटात दाणेदार दिसतं. पीडी-एल१ पेशीच्या कडेला रेघ ओढल्यासारखं. तुमच्या रिपोर्टातले ‘६० टक्के’ म्हणजे कॅन्सरच्या १०० जिवंत पेशींपैकी ६० पेशींच्या कडेला ही रेघ कोणी तरी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहून मोजली. मोजणारा माणूस असतो, यंत्र नव्हे. दोन पॅथॉलॉजिस्ट ५५ आणि ६५ म्हणू शकतात आणि दोघंही प्रामाणिक असतात.

प्रत्येक मार्कर म्हणजे एक काप. काप संपले की संपले. मग पुन्हा सुई.

म्हणून पॅनेलची किंमत फक्त ३८ हजार नाही. उरलेला तुकडाही त्या किमतीत धरा, आणि माझ्या हिशेबात तोच जास्त महाग आहे. ईजीएफआरचा नमुना अपुरा पडला तर तोच लागणार, आरओएस१ आणि त्यापुढचे जनुकांचे तपास करायचे म्हटले तरी तोच. अशा वेळी ब्लॉक त्या लॅबच्या कपाटात निम्मा कापून बसला असेल तर डोक्याला हात लावायची पाळी येते.

आता ईआरसीसी१. तुमच्या भावानं पाठवलेला लेख खोटा नसणार. उलट या विषयातली ही एक गाजलेली गोष्ट आहे, फक्त तिचा दुसरा अंक त्यानं वाचलेला दिसत नाही.

सिसप्लॅटिन, कार्बोप्लॅटिन ही प्लॅटिनमवाली औषधं पेशीच्या डीएनएला चिकटतात आणि त्याच्या साखळीत गाठी मारतात. गाठी सुटल्या नाहीत तर पेशी मरते. या गाठी कापून काढणाऱ्या दुरुस्तीच्या यंत्रणेत ईआरसीसी१ हे प्रोटीन काम करतं. तेव्हा तर्क सरळ आहे: कॅन्सरच्या ज्या गाठीत ईआरसीसी१ भरपूर, तिथे दुरुस्ती झकास, आणि प्लॅटिनम फुकट. २००६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये कॅन्सरच्या ७६१ गाठींवरचं काम आलं. हे सगळे ऑपरेशन झालेले रुग्ण होते. काहींना नंतर सिसप्लॅटिनची केमो दिली होती, काहींना नाही. ईआरसीसी१ नसलेल्या रुग्णांना केमोचा फायदा झाला, असलेल्यांना झाला नाही. तुमच्या भावाचा मुद्दा इथपर्यंत चोख.

पण त्याच कामात आणखी एक आकडा होता, तो सहसा कोणी व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. ज्यांना केमो दिलीच नव्हती, त्यांच्यात ईआरसीसी१ असलेले रुग्ण जास्त जगले. म्हणजे एकच प्रोटीन, केमो न घेणाऱ्याला शुभ आणि सिसप्लॅटिन घेणाऱ्याला अडचणीचं. मार्करबद्दल बोलताना लोक हे दोन प्रश्न एकात एक कालवतात. आजार आपल्या चालीनं कसा जाईल, हा एक प्रश्न. अमुक औषध दिलं तर फरक पडेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देणारी प्रोटीनं शेकड्यांनी सापडतात, दर महिन्याला नवा लेख. दुसऱ्याचं उत्तर खात्रीनं देणारी हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच.

आता दुसरा अंक. त्याच संशोधकांनी दुसऱ्या दोन चाचण्यांतल्या ४९४ रुग्णांवर तेच पुन्हा करून पाहिलं आणि २०१३ मध्ये त्याच जर्नलमध्ये कबूल केलं की २००६ चा निकाल पुन्हा मिळत नाही. इतकंच नाही, त्यांनी जुन्याच स्लाइड्स नव्यानं रंगवल्या तेव्हा रंगही आधीसारखा उमटला नाही. अँटिबॉडी त्याच नावाची, पण बाटल्यांची खेप वेगळी. मग त्यांनी बाजारात मिळणाऱ्या १६ अँटिबॉड्या तपासल्या. ईआरसीसी१ शरीरात चार रूपांत बनतं आणि डीएनएच्या गाठी सोडवायचं काम त्यांतलं एकच रूप करतं. १६ पैकी एकाही अँटिबॉडीला ते एक रूप वेगळं ओळखता येत नव्हतं. वाड्याच्या चौकात उभं राहून ‘अहो जोशी’ म्हणून हाक मारली आणि चारही बिऱ्हाडांतले जोशी बाहेर आले, त्यांतल्या एकालाच प्लंबिंग येतं, आणि तो कोणता ते कळायला मार्ग नाही, तशातली गत.

हे वाचून मला त्या संशोधकांबद्दल आदर वाटला, कारण स्वतःचंच गाजलेलं काम स्वतःच पाडायला धारिष्ट लागतं. लॅबच्या माणसाला मात्र एवढंच विचारा: तुमच्या पॅनेलमध्ये ईआरसीसी१ साठी कोणती अँटिबॉडी वापरता, आणि ती कामाचं रूप वेगळं दाखवते का? उत्तर द्यायला तो ‘सरांना विचारून सांगतो’ म्हणेल. सरांचं उत्तर यायची वाट पाहू नका.

कोणी म्हणेल, अँटिबॉडीचा घोळ सोडा, प्रत्यक्ष रुग्णांवर करून पाहिलंय का? पाहिलंय. २०१३ मध्येच आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली, पुढच्या टप्प्यातल्या आजाराचे २७५ रुग्ण, म्हणजे बाबांच्या जवळचे. एका गटाला ईआरसीसी१ आणि आरआरएम१ ही दोन प्रोटीनं मोजून त्यानुसार केमो निवडून दिली. दुसऱ्या गटाला काहीही न मोजता जेमसिटाबिन आणि कार्बोप्लॅटिन दिलं. मोजूनमापून दिलेल्या गटाचं काहीही जास्त भलं झालं नाही. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे ॲस्कोनं, गाठीच्या पेशींवर केमो आधी ‘करून पाहणाऱ्या’ चाचण्यांबद्दलही २००४ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये हेच सांगितलं होतं: संशोधनाबाहेर त्यांवरून औषध ठरवू नका.

पॅनेलमधली बाकीची मंडळी थोडक्यात. आरआरएम१ चा संबंध जेमसिटाबिनशी, आणि ते औषध तुमच्या डॉक्टरांच्या यादीत नाही. टीयूबीबी३ चा पॅक्लिटॅक्सेल-डोसेटॅक्सेलशी, तेही यादीत नाही. म्हणजे जे औषध द्यायचंच नाही त्याचा रेझिस्टन्स मोजायला पैसे. पी-ग्लायकोप्रोटीन आणि एमआरपी१ हे पेशीच्या भिंतीतले पंप, औषध आत आलं की बाहेर फेकणारे. पी-ग्लायकोप्रोटीन १९७६ पासून माहीत आहे. एमआरपी१ तर १९९२ मध्ये फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरच्या पेशींतच सापडलं. विज्ञान म्हणून फार सुंदर आहे ते. पण हे पंप बंद करणारी औषधं रुग्णांवर वापरून पाहिली आणि हाती काही लागलं नाही, आणि पंप मोजून औषध बदलण्याची पद्धत आजही कुठल्याच रूढ उपचारात नाही. कॅन्सरची पेशी औषध चुकवायला एकाच वाटेनं जात नाही. एक वाट मोजलीत, ती दुसरीनं जाते.

मग केमोचा अंदाज देणारं प्रोटीन नाहीच का? आहे की, आणि ते तुमच्या हातातल्या रिपोर्टात आधीच लिहिलंय. टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, पी-४० निगेटिव्ह. या दोन कंटाळवाण्या ओळींनी ठरवलं की आजार ॲडिनोकार्सिनोमा आहे, स्क्वेमस हा फुप्फुसाच्या कॅन्सरचा दुसरा प्रकार नाही. २००८ मध्ये १,७२५ रुग्णांच्या चाचणीत सिसप्लॅटिनसोबत पेमेट्रेक्सेड की जेमसिटाबिन, हे ताडून पाहिलं. ॲडिनोकार्सिनोमात पेमेट्रेक्सेडवाले सरस ठरले, आयुष्याचा मधला आकडा (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) १२.६ महिने विरुद्ध १०.९. स्क्वेमसमध्ये उलटं, ९.४ विरुद्ध १०.८. तेव्हा डॉक्टरांनी पेमेट्रेक्सेड निवडलं ते तुमच्याच स्लाइडवरच्या प्रोटीनकडे बघून. त्यासाठी वेगळं बिल आलं नाही म्हणून कोणाला ते ‘पॅनेल’ वाटत नाही, एवढंच.

(पेमेट्रेक्सेड सुरू व्हायच्या साधारण आठवडाभर आधी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि बी-१२ चं इंजेक्शन लागतं. वाट पाहण्यातच दिवस जाणार असतील तर ते आत्ताच सुरू करायचं का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. नाही तर ऐन वेळी तेवढ्यासाठी आठवडा लांबतो.)

केआय-६७ चे ४० टक्के पाहून भाऊ घाबरला असेल. ते पेशी किती वेगानं वाढताहेत त्याचं माप. कार्सिनॉइड जातीच्या गाठींत आम्हाला त्याचा उपयोग होतो, ॲडिनोकार्सिनोमात त्यावरून औषध बदलत नाही. रक्तातला सीईए (कॅन्सरचा आणखी एक मार्कर) कोणी करून घेतला तर तोही एकट्या आकड्यावर वाचू नका. केमोच्या पहिल्या काही आठवड्यांत तो आधी वाढून मग उतरतो असंही होतं.

पीडी-एल१ वर मात्र जरा थांबा. इथे एक खड्डा आहे आणि शिकलेली माणसंही त्यात पडतात. ६० टक्के हा आकडा ५० च्या वरचा, आणि ५० च्या वर असेल तर केमोऐवजी नुसती इम्युनोथेरपीही (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) देता येते, हे २०१६ पासून माहीत आहे. कोणी तरी तुम्हाला सांगेल, ‘साठ टक्के! लगेच इम्युनोथेरपी घ्या, केमोची कटकटच नको.’ पण तो निकाल ज्या चाचणीतून आला तिच्यात ईजीएफआर आणि एएलकेत बिघाड असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. ईजीएफआरचा बिघाड असेल तर पीडी-एल१ कितीही असो, इम्युनोथेरपीचा उपयोग फारसा होत नाही. वर आणखी असं, की आधी इम्युनोथेरपी देऊन मग लगेच ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरच्या बिघाडावरची गोळी सुरू केली तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. तेव्हा ईजीएफआरचा कागद हातात येईपर्यंत इम्युनोथेरपीची बाटली लावून घेऊ नका. बाबांचा श्वास फारच लागत असेल आणि थांबणं शक्य नसेल तर नुसती केमो सुरू करून, रिपोर्ट आल्यावर पुढचं ठरवता येतं. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं हेच सुचवलंय. माणूस शहाणा दिसतो.

आणि ईजीएफआरची वाट पाहण्यात अर्थ का आहे तेही ऐका. बाबांनी कधी विडी ओढली नाही. भारतात फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमाच्या साधारण चौथा ते तिसरा हिस्सा रुग्णांत हा बिघाड सापडतो, आणि धूम्रपान न करणाऱ्यांत त्याहून जास्त. २००९ मध्ये पूर्व आशियातल्या १,२१७ रुग्णांवर जेफिटिनिब ही त्याच बिघाडावरची गोळी आणि केमो यांची तुलना झाली. बिघाड असलेल्यांत गोळीनं केमोला स्पष्ट मागे टाकलं. बिघाड नसलेल्यांत त्याच गोळीनं केमोपेक्षा वाईट केलं. औषध निवडणारा मार्कर म्हणतात तो असा. एक निकाल आला तर एक औषध, दुसरा आला तर दुसरं, आणि चूक केली तर रुग्णाचं नुकसान. पुढे आलेल्या ओसिमर्टिनिबच्या चाचणीत निम्म्याहून जास्त रुग्ण तीन वर्षं ओलांडून गेले, मधला आकडा ३८.६ महिने. एएलके तर स्लाइडवर प्रोटीन म्हणूनच दिसतं, पॉझिटिव्ह आलं तर अलेक्टिनिब, लॉरलाटिनिब अशा गोळ्या आहेत. रुग्ण कमी असतात, शंभरात तीन ते पाच, पण सापडला तर त्याचं नशीब पालटतं.

दादांना एवढंच विचारायला सांगा, कुठल्याही तपासणीआधी: हा निकाल पॉझिटिव्ह आला तर डॉक्टर काय देणार, निगेटिव्ह आला तर काय देणार? दोन्ही उत्तरं एकच असतील तर ते ३८ हजार राखून ठेवा. ईजीएफआरचा नमुना कमी पडला तर रक्तातून तीच तपासणी करता येते, तिथे ते कामी येतील. (रक्तात सापडलं तर खरं मानायचं. नाही सापडलं तर ‘नाही’ असं मात्र धरायचं नाही, तुकड्यावर पुन्हा बघावं लागतं.)

केमो लागू पडते आहे की नाही, याची सगळ्यात भरवशाची तपासणी तुमच्याकडे आहेच. केमोच्या दोन-तीन सायकल (फेऱ्या) झाल्या की, म्हणजे सहा ते नऊ आठवड्यांनी, सीटी. गाठ घटली, तशीच राहिली की वाढली, ते मिलिमीटरमध्ये समोर येतं. वाढली असेल तर औषध बदलायचं. सहाच्या सहा सायकल डोळे मिटून घ्यायच्या असा काही करार नसतो. मधल्या काळात बाबांचा खोकला, भूक, जिना चढताना लागणारा दम, हे तुम्ही वहीत लिहिलंत तर डॉक्टरांना ते पॅनेलच्या रंगीत ग्राफपेक्षा जास्त उपयोगी पडेल. आणि मणक्यात डाग आहे म्हणून सांगतो, पाठ एकदम जास्त दुखायला लागली, पाय लटपटले किंवा लघवी अडली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्ही तो पत्राच्या तळाशी, जाता जाता लिहिलात, पण पत्र त्यासाठीच लिहिलंय हे कळतं.

नाही ताई, यातल्या कुठल्याही प्रोटीनवरून बाबांकडे किती वेळ आहे ते कळत नाही. लेखांत जे लिहितात ते शे-दोनशे लोकांच्या गटाचं असतं. निम्मे इतक्या महिन्यांच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. बाबा त्या रेषेच्या कुठे, हे स्लाइड सांगत नाही. तिच्याहून जास्त सांगतात त्या साध्या गोष्टी: स्टेज, वजन किती उतरलं, दिवसातला किती वेळ अंथरुणात जातो, आणि ईजीएफआर-एएलकेचा तो यायचा असलेला कागद. चौथी स्टेज मुळासकट जात नाही, हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण ‘चौथी’ म्हणजे काही महिनेच, हे समीकरण आता सगळ्यांना लागू होत नाही, आणि बाबांना ते लागू आहे की नाही हे अजून ठरायचंय. गणिताच्या मास्तरांना ‘अजून एक पद माहीत नाही’ एवढं सांगितलंत तर ते तुमच्यापेक्षा शांतपणे घेतील असा माझा अंदाज आहे. विचारतील ते खरं सांगा. विचारणार नाहीत ते लादू नका.

एक काम मात्र लवकर करा. पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे दुखणं, दम, मनाचा त्रास कमी करणारे डॉक्टर आत्ताच जोडून घ्या. लोक हे नाव ऐकलं की ‘म्हणजे आता संपलंच’ असं समजतात. २०१० मध्ये बोस्टनच्या एका हॉस्पिटलात बाबांसारख्याच पुढच्या टप्प्यातल्या १५१ रुग्णांवर अभ्यास झाला. ज्यांना पहिल्यापासून नेहमीच्या उपचारांबरोबर ही सेवा मिळाली ते जास्त बरे राहिले, मनानं कमी खचले, आणि मधल्या आकड्यानं जास्त जगलेही, ११.६ महिने विरुद्ध ८.९. आयुष्य वाढवणारं एखादं प्रोटीन निघालं असतं तर त्याची किती जाहिरात झाली असती! ही सेवा कोणी घरी येऊन विकत नाही, मागून घ्यावी लागते.

पैशांचं. बाबा ७० च्या पुढचे आहेत, तेव्हा आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड उत्पन्न न बघता निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ही सोय आहे, आधार कार्ड लागतं. सगळ्या तपासण्या आणि सगळ्या गोळ्या त्यात बसतातच असं नाही, म्हणून दाखल व्हायच्या आधी हॉस्पिटलच्या आयुष्मान काउंटरवर नावानिशी विचारून घ्या.

दुसरं मत हवं असेल तर खुशाल घ्या, टाटा मेमोरियललाही दाखवा. अवंतिका एक्सप्रेसनं संध्याकाळी निघालात की सकाळी मुंबई. जाताना नुसते कागद नेऊन भागत नाही. लॅबकडून रंगवलेल्या स्लाइड्स आणि ब्लॉक मागून घ्या. रुग्णाच्या सहीचा अर्ज दिला की मिळतो, आणि कोणी टाळाटाळ केली तर पावती मागा, म्हणजे चक्रं हलतात. ब्लॉक मेणाचा असतो. उन्हाळ्यात तो बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून सराफ्यात खरेदीला जाऊ नका. हॅन्डबॅगेत, सावलीत.

पुढे कधी गोळी सुरू झाली आणि वर्ष-दोन वर्षांनी लागू पडेनाशी झाली, तर रेझिस्टन्सचा प्रश्न तेव्हा खरा येईल, आणि तेव्हाच्या तपासण्या करण्यासारख्या असतात. जुन्या पिढीच्या गोळ्यांवर असलेल्या निम्म्याहून जास्त रुग्णांत टी७९०एम नावाचा नवा बिघाड सापडतो आणि त्यावर औषध आहे. काहींत गाठ रूप बदलून स्मॉल सेल होते आणि केमोच बदलावी लागते. त्या वेळी पुन्हा बायप्सी करतील. हाडातून केलीच तर ‘जनुकांची तपासणीही करायची आहे’ असं लॅबला आधी लिहून द्यायला सांगा. हाड मऊ करायला तीव्र ॲसिड वापरलं की त्या तुकड्यातला डीएनए वाया जातो. नवा तुकडा जुन्याशी ताडून बघायचा असतो, म्हणून आजच्या रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात जो ब्लॉक नंबर छापलाय तो बाबांच्या फायलीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत उतरवून ठेवा.